निकाल वेगळा, वर्तन वेगळे : न्यायाधीशांना जाब कोण आणि कसा विचारणार?

अ‍ॅट्रॉसिटीच्या एका खटल्यात सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याच संध्याकाळी आमच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर न्यायाधीशांच्या आडनावावरून त्यांची जात शोधण्याचे काम सुरू झाले. तासाभरात 'जज मॅनेज झाला' हे वाक्य दहा ग्रुपवर फिरले. निकालपत्र मात्र कोणीच वाचलेले नव्हते. ते चार दिवसांनी हातात आले. दोन साक्षीदार फितूर झाले होते, पंचनाम्यात तारखांचा घोळ होता आणि तपास अधिकाऱ्याने काही मूलभूत कागद जोडलेलेच नव्हते. म्हणजे पहिला जाब तपास यंत्रणेला आणि सरकारी पक्षाला विचारायला हवा होता. पण त्याच निकालपत्रात फिर्यादीच्या वस्तीबद्दल एक शेराही होता. खटल्याशी त्याचा काही संबंध नव्हता आणि तो वाचून फिर्यादी बाई ढसाढसा रडल्या. मग न्यायाधीश चुकले की नाही? चुकले असतील तर दाद कुठे मागायची?

नाशिकला तरुण कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात आम्ही हा प्रसंग सांगितला, तेव्हा एका मुलीने सरळ विचारले, "मग न्यायाधीशांना कोणीच काही विचारायचे नाही का?" तेव्हा घाईत दिलेल्या उत्तराने आमचेच समाधान झाले नाही. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

सुरुवातीलाच एक फरक लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. न्यायाधीशाचा निकाल ही एक गोष्ट आणि न्यायाधीशाचे वर्तन ही दुसरी. निकाल चुकीचा वाटला तर वरचे न्यायालय आहे, कायदेमंडळ आहे आणि आपली लेखणी आहे. वर्तन चुकीचे असेल, म्हणजे लाच, पक्षपात, हितसंबंध लपवणे, पक्षकाराला जातीवरून हिणवणे, तर त्यासाठी तक्रार आणि चौकशीचा रस्ता आहे. आपल्याकडे दोन्हींची गल्लत होते, आणि त्यात नुकसान आपलेच होते.

हे स्वातंत्र्य नेमके कोणाचे?

न्यायालयाचे स्वातंत्र्य म्हणजे न्यायाधीशांना मिळालेली चैन, असा एक समज आहे. प्रत्यक्षात ते पक्षकाराचे संरक्षण आहे, आणि दुबळ्या पक्षकाराचे सर्वात जास्त. महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. सवर्णांनी दावा लावून डिसेंबर १९२७ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. बाबासाहेबांनी तळ्यावरचा सत्याग्रह थांबवला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन केले आणि दावा शेवटपर्यंत लढवला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे न्यायालय आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालय, असा तो निकाल आपल्या बाजूने कायम झाला. दहा वर्षे लागली. त्या काळात गावातली संख्या, पैसा आणि परंपरा या सगळ्या गोष्टी दुसऱ्या बाजूला होत्या. न्यायाधीश गावाच्या मर्जीने पदावर राहत असते, तर हा निकाल लागला असता का?

संविधानाने म्हणूनच काही कुंपणे घातली. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश वयाच्या ६२ वर्षांपर्यंत आणि सर्वोच्च न्यायालयाचा ६५ पर्यंत पदावर राहतो. सरकार नाराज झाले म्हणून त्याला काढता येत नाही, नेमणुकीनंतर त्याचे वेतन घटवता येत नाही. अनुच्छेद १२१ आणि २११ प्रमाणे न्यायाधीशांच्या कर्तव्यपालनातील वर्तनावर संसदेत किंवा विधानसभेत चर्चा होत नाही. अपवाद एकच, संसदेत त्यांना पदावरून दूर करण्याचा प्रस्ताव असेल तेव्हा. अनुच्छेद ५० न्यायव्यवस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवायला सांगतो.

पण कुंपण शेताच्या रक्षणासाठी असते. आत काय चालले आहे ते कोणीच पाहू नये, यासाठी नसते.

निकाल चुकला तर

या बाबतीत महाराष्ट्राकडे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याचे प्रकरण 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखले जाते. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणून तिची संमती होती, असा एकूण सूर होता. पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ते पत्र म्हणजे निकालपत्राची चिरफाड होती. न्यायमूर्ती विकले गेले, असे त्यात कुठेही नाही. 'संमती' आणि 'निमूटपणे सहन करणे' यांतला फरक न्यायालयाला कळला नाही, हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवले. देशभर स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या चौघांवर अवमानाचा खटला झाला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या पिढीचे आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयातील एका कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या 'सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचे दात काढले. गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी मंजुरी, अशा अटी आल्या. २ एप्रिलचा भारत बंद आपल्यातल्या अनेकांनी अनुभवला आहे. काही राज्यांत त्या दिवशी माणसे मारली गेली. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम १८-अ घातले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी पुनर्विलोकन याचिकेवर तीन न्यायमूर्तींनी आधीचे निर्देश मागे घेतले. त्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते. दुरुस्ती १० फेब्रुवारी २०२० रोजी वैध ठरली. रस्ता, संसद आणि न्यायालय ही तिन्ही चाके फिरली तेव्हा चूक दुरुस्त झाली, आणि त्यासाठी कोणाही न्यायाधीशाला पदावरून हटवावे लागले नाही.

सगळ्या चुका अशा दुरुस्त होत नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी ठरवले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून २५ वर्षांची कैद दिली, आणि हत्येमागे जात नव्हे तर सूड होता, हेच मत कायम राहिले. समाजशास्त्र शिकलेल्या कोणालाही 'सूड की जात' हा प्रश्नच चुकीचा मांडलेला वाटेल. सूड घेण्याची ती हिंमत आणि ती पद्धत जातीतूनच येते. पण ही टीका निकालाच्या तर्कावर आहे. न्यायाधीश भ्रष्ट होते असा निष्कर्ष त्यातून निघत नाही, आणि आपण तो काढतो तेव्हा मूळ मुद्दा बाजूला पडतो. जात न ओळखण्याची सवय एका न्यायाधीशाची नसते. ती कायद्याच्या शिक्षणाची आणि वकिलीच्या वर्तुळाचीही असते. एका माणसावर खापर फोडले की बाकी सगळे सुटतात.

जिल्ह्याच्या न्यायालयातील न्यायाधीश

तालुका आणि जिल्हा न्यायालयांतील न्यायाधीशांवर अनुच्छेद २३५ प्रमाणे उच्च न्यायालयाचे नियंत्रण असते. बदली, बढती, शिस्तभंगाची चौकशी सगळे तिथून होते. तक्रार प्रमुख जिल्हा न्यायाधीशांमार्फत किंवा थेट मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रबंधकांकडे करता येते. निनावी किंवा मोघम तक्रारीची दखल सहसा घेतली जात नाही. सोबत शपथपत्र हवे आणि पडताळून पाहता येईल असा मजकूर हवा : तारीख, खटला क्रमांक, नेमके काय बोलले गेले, तिथे कोण हजर होते. 'ते जातीयवादी आहेत' या वाक्याला काही किंमत नाही. 'अमुक तारखेला साक्ष चालू असताना फिर्यादीला उद्देशून हे शब्द वापरले, तेव्हा हे तिघे हजर होते' याला आहे.

तक्रार केली तर अवमान होईल ही भीती आम्ही गावोगाव ऐकतो. न्यायालय अवमान अधिनियम १९७१ चे कलम ६ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचून ठेवावे. कनिष्ठ न्यायालयाच्या न्यायाधीशाविषयी उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेले निवेदन हा अवमान नाही, असे ते सांगते. कलम ५ प्रमाणे अंतिम निकालावरील रास्त टीका हाही अवमान नाही, आणि २००६ च्या दुरुस्तीने लोकहितासाठी सद्भावनेने सांगितलेले सत्य हा बचाव मान्य झाला आहे. म्हणजे तीच गोष्ट शपथपत्रावर उच्च न्यायालयात लिहिली तर कायदा तुमच्या पाठीशी आहे. फेसबुकवर पुराव्याशिवाय लिहिली तर सहा महिन्यांपर्यंतची साधी कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते.

ही व्यवस्था कागदावरच राहते असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्याच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशांवर जामिनासाठी पाच लाख रुपये मागितल्याच्या आरोपावरून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला. उच्च न्यायालयाने विभागीय चौकशी केली आणि २०२५ मध्ये त्यांना सेवेतून बडतर्फ केले. एका वर्षाच्या आत. तहसील कार्यालयातल्या लाचेच्या प्रकरणांचा वेग ज्यांना माहीत आहे त्यांना हे विशेष वाटेल.

या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. जिल्ह्यातला न्यायाधीश वरच्या न्यायालयाला फार घाबरतो, असे जुने वकील सांगतात. जामीन द्यावासा वाटला तरी 'उगाच तक्रार नको' म्हणून नाकारला जातो आणि पोरे तुरुंगात सडतात. तक्रारीचे हत्यार सोपे असेल तर गावातला दांडगा माणूस ते आपल्याआधी वापरतो. जबाबदारीची मागणी करताना हे विसरू नये.

उच्च आणि सर्वोच्च न्यायालय : इथे अंधार आहे

वरच्या न्यायाधीशांना काढण्याचा संविधानातला मार्ग एकच, अनुच्छेद १२४ आणि २१८. 'सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा असमर्थता' हे कारण हवे. लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० सदस्यांची सूचना, १९६८ च्या कायद्याप्रमाणे तीन जणांची चौकशी समिती, मग दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मते. १९५० पासून २०२५ अखेरपर्यंत या मार्गाने एकही न्यायाधीश पदावरून गेलेला नाही.

जवळ गेलेले एक प्रकरण न्यायमूर्ती व्ही. रामस्वामी यांचे. पंजाब व हरियाणाचे मुख्य न्यायमूर्ती असताना सरकारी निवासस्थानावर केलेल्या खर्चाचा आरोप होता. चौकशी समितीचे अध्यक्ष आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. समितीने १४ पैकी ११ आरोप सिद्ध धरले. मे १९९३ मध्ये लोकसभेत प्रस्तावाच्या बाजूने १९६ मते पडली, विरोधात एकही नाही, आणि २०५ सदस्य तटस्थ राहिले. प्रस्ताव पडला. निर्दोष ठरवण्याचे धाडसही कोणी केले नाही आणि दोषी ठरवण्याचेही.

दोनच वर्षांनी मुंबईत पेच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी यांना पुस्तकाच्या रॉयल्टीपोटी लंडनच्या एका प्रकाशन संस्थेकडून मोठी रक्कम मिळाल्याची चर्चा होती. रक्कम इतकी का, हा वकिलांचा प्रश्न होता. वकील संघटनांनी राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले. मुख्य न्यायमूर्तींनी १९९५ मध्ये राजीनामा दिला. पण एका वकिलाने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : वकिलांनी ठराव करून न्यायाधीशाला पायउतार करणे घटनेत बसते का?

सप्टेंबर १९९५ मध्ये निकाल आला, 'सी. रविचंद्रन अय्यर विरुद्ध न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी'. न्यायालयाने वकिलांचा मार्ग अमान्य केला. आज भ्रष्टाचारासाठी ठराव करतील, उद्या मनासारखा निकाल दिला नाही म्हणून करतील. पण त्याच निकालात दुसरीही कबुली होती. महाभियोगाइतके गंभीर नसलेले, तरीही पदाला न शोभणारे वर्तन असू शकते, आणि त्यासाठी संविधानात काहीच सोय नाही. ही पोकळी भरण्यासाठी न्यायालयाने सरन्यायाधीशांना केंद्रस्थानी ठेवून अंतर्गत चौकशी सुचवली. १९९७ मध्ये न्यायाधीशांनी स्वतःसाठी आचारमूल्ये मान्य केली : नातलग वकिलाचा खटला ऐकू नये, शेअर्समध्ये सट्टा करू नये, राजकीय विषयांवर जाहीर मते देऊ नयेत, आपण लोकांच्या नजरेखाली आहोत याचे भान ठेवावे. डिसेंबर १९९९ मध्ये 'इन-हाऊस' प्रक्रिया स्वीकारली गेली. म्हणजे आज देशभर चालते ती पद्धत मुंबईच्या प्रकरणातून जन्मली आहे.

तक्रारीत तथ्य दिसले तर उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी इतर उच्च न्यायालयांचे दोन मुख्य न्यायमूर्ती आणि एक न्यायाधीश अशी समिती बसते. वकील नसतात, उलटतपासणी नसते. दोष गंभीर असेल तर राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्तीचा सल्ला दिला जातो. न्यायाधीशाने तो मानला नाही तर त्याचे न्यायदानाचे काम काढून घेतले जाते आणि राष्ट्रपती व पंतप्रधान यांना कळवले जाते. अहवाल मात्र तक्रारदारालाही मिळेलच असे नाही. २०१९ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश रंजन गोगोई यांच्याविरुद्ध न्यायालयाच्या एका माजी महिला कर्मचाऱ्याने लैंगिक छळाची तक्रार केली. सोबत वकील आणू दिला नाही, म्हणून ती चौकशीतून बाहेर पडली. नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांच्या समितीला तक्रारीत तथ्य आढळले नाही. अहवाल जाहीर झाला नाही आणि तिलाही मिळाला नाही. निष्कर्ष बरोबर असेलही, पण बंद पाकिटावर लोकांनी विश्वास कशाच्या आधारावर ठेवायचा?

इथे आम्हाला पवारणेची आठवण होते. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघासमोर सांगतो की, माझ्यात काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंकला असेल तर सांगा. सुरुवात सर्वात ज्येष्ठ भिक्खूपासून होते. तीही 'इन-हाऊस' पद्धतच, पण उघड्यावर आणि वरून सुरू होणारी.

२०२५ मध्ये थोडा प्रकाश पडला. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती यशवंत वर्मा यांच्या निवासस्थानी १४ मार्चच्या रात्री आग लागली आणि जळालेल्या नोटा सापडल्याचे सांगितले गेले. सरन्यायाधीश संजीव खन्ना यांनी कागदपत्रे आणि चित्रफीत न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकली. वर्मा यांनी आरोप नाकारले. समितीचा अहवाल मे महिन्यात राष्ट्रपती आणि पंतप्रधानांकडे गेला. पुढे सरन्यायाधीश झालेल्या भूषण गवई यांनी वर्मा यांची याचिका स्वतः ऐकली नाही, कारण त्या विचारविनिमयात आपण होतो, असे त्यांनी सांगितले. ऑगस्टमध्ये याचिका फेटाळली गेली आणि लोकसभा अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली. त्याच वर्षी ५ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ३३ पैकी २१ न्यायाधीशांची मालमत्ता संकेतस्थळावर आली.

मात्र फेब्रुवारी २०२५ मधली एक गोष्ट विसरता येत नाही. उच्च न्यायालयाचे न्यायाधीश लोकपालांच्या कक्षेत येतात, असा आदेश लोकपालांनी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन त्याला स्थगिती दिली. त्या पीठावर न्यायमूर्ती गवई आणि अभय ओक हे आपल्या मातीतले दोघे होते. सरकारने नेमलेल्या यंत्रणेच्या हाती न्यायाधीश देणे धोक्याचे आहे, हा युक्तिवाद आम्हाला पटतो. पण दुसरी कोणतीच बाहेरची यंत्रणा नसताना फक्त 'नको' म्हणून थांबणे पटत नाही.

नागपूरचे अवघड प्रकरण

निकाल आणि वर्तन वेगळे ठेवा, असे आम्ही वर लिहिले. ते नेहमी इतके सोपे नसते. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गणेडीवाला यांनी १२ वर्षांच्या मुलीला कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो कायद्यातील लैंगिक हल्ला ठरत नाही, असा निकाल दिला. त्वचेचा त्वचेशी संपर्क हवा, हा त्यांचा अर्थ होता. देशभर संताप उसळला. आम्हीही त्यात होतो. आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल रद्द केला. इथपर्यंत सगळे रीतसर झाले.

पण त्या अतिरिक्त न्यायाधीश होत्या. त्यांना कायम करण्याची शिफारस कॉलेजियमने मागे घेतली, मुदत एकच वर्ष वाढली, आणि पुन्हा जिल्हा न्यायाधीश म्हणून परतण्याची वेळ आली तेव्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना न्यायालयात जावे लागले, आणि २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला.

त्यांच्यावर लाचेचा आरोप नव्हता, पक्षपाताचाही नव्हता. निकाल वाईट होता, आमच्या मते फारच वाईट. पण वाईट निकालासाठी न्यायाधीशाची नोकरी जावी का? आमच्यात यावर बराच वाद झाला. मुलींसोबत काम करणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांचे म्हणणे, की कायदा कशासाठी आहे तेच न कळणे ही असमर्थताच आहे. दुसरी बाजू अशी, की उद्या एखादा अतिरिक्त न्यायाधीश पोलिसांच्या विरोधात, सरकारच्या विरोधात, दलित फिर्यादीच्या बाजूने निकाल लिहील, आणि 'कायम व्हायचे आहे' या भीतीने त्याचा हात थांबेल. आम्ही शेवटी दुसऱ्या बाजूकडे झुकलो. कारण गणेडीवाला प्रकरणात कॉलेजियमचा निर्णय आम्हाला सोयीचा होता, पण त्याची कारणे ना त्यांना सविस्तर कळली, ना आपल्याला. कारण न देता घेतलेला निर्णय आज आपल्या बाजूने आहे, उद्या विरोधात असेल.

नेमणूक आणि निवृत्तीनंतर

२४ मे १९४९ रोजी संविधान सभेत नेमणुकांवर बोलताना बाबासाहेबांनी दोन्ही टोके टाळली. सगळे अधिकार सरकारकडे नकोत, आणि सरन्यायाधीशांच्या संमतीशिवाय नेमणूक नाही असा नकाराधिकारही नको, कारण सरन्यायाधीश झाला तरी तो माणूसच आहे. १९९३ पासूनच्या कॉलेजियमने नेमके ते दुसरे टोक गाठले. २०१५ मध्ये रद्द झालेल्या राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगात दोन नामवंत व्यक्तींपैकी एक अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिला यांपैकी असणार होती. आयोगात सरकारचा हात मोठा होता म्हणून तो जाणे आम्हाला चुकीचे वाटत नाही. पण ती एक खुर्चीही त्याच्यासोबत गेली. २०१८ नंतर उच्च न्यायालयांत नेमलेल्या न्यायाधीशांमध्ये अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे तीन टक्के आहे.

निवृत्तीनंतरच्या पदांबाबत मात्र आम्ही बाबासाहेबांच्या मताशी अडखळतो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. निवृत्त न्यायाधीशांना सरकारी पदे देऊ नयेत, ही के. टी. शहा यांची दुरुस्ती त्यांनी मान्य केली नव्हती. न्यायालयासमोरचे बहुतेक वाद नागरिकांचे आपापसातले असतात, सरकारचा त्यात फारसा संबंध नसतो, हे त्यांचे कारण होते. १९४९ मध्ये ते बरोबर असेल. आज सरकार हाच देशातला सर्वात मोठा पक्षकार आहे. महाजन निकालाच्या पीठावरील न्यायमूर्ती आदर्श कुमार गोयल जुलै २०१८ मध्ये निवृत्त होताच हरित न्यायाधिकरणाचे अध्यक्ष झाले. रंजन गोगोई निवृत्तीनंतर चार महिन्यांत राज्यसभेत गेले. गवईंनी निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही, असे पदावर असतानाच जाहीर केले. तो त्यांचा वैयक्तिक निर्णय होता, नियम नव्हे. नियम व्हायला हवा.

मागायचे काय?

न्यायिक मानके व उत्तरदायित्व विधेयक मार्च २०१२ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१४ मध्ये व्यपगत झाले. त्यात दोष होते, पण तक्रारींसाठी कायद्याने उभी राहिलेली यंत्रणा ही कल्पना बरोबर होती. आमची मागणी अशी, की यंत्रणेत न्यायाधीशांचे बहुमत असावे, सरकारचा प्रतिनिधी नसावा, बाहेरच्या सदस्यांत वंचित समाजाची माणसे हमखास असावीत. किती तक्रारी आल्या आणि त्यांचे काय झाले, हे दरवर्षी जाहीर व्हावे. आणि राजीनामा दिला की चौकशी संपली, ही पळवाट बंद व्हावी. तमिळनाडूत दलितांच्या वाट्याच्या जमिनीसह सरकारी जमीन बळकावल्याचा आरोप असलेल्या न्यायमूर्ती पी. डी. दिनकरन यांनी २०११ मध्ये चौकशी चालू असताना राजीनामा दिला, आणि आरोप खरा होता की खोटा, हे कधी कळलेच नाही. त्यांच्यावर आणि जमीन गमावलेल्यांवर, दोघांवरही हा अन्याय आहे.

आपल्या तरुणांशी एक गोष्ट बोलायची आहे. ६ ऑक्टोबर २०२५ रोजी भर न्यायालयात एका वकिलाने सरन्यायाधीश गवई यांच्या दिशेने बूट फेकण्याचा प्रयत्न केला. खजुराहोच्या मूर्तीसंबंधी सुनावणीतील त्यांच्या एका उद्गारावरून राग होता. तो उद्गार टाळता आला असता, असे म्हणणे ही टीका झाली. बूट ही टीका नव्हे. त्यामागे ते पदावर बसलेले पाहवत नाही, हा जुना सल होता. त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी, २७ सप्टेंबरला, गवईंनी नाशिकच्या जिल्हा न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन केले होते. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहाच्या या शहरात आपली माणसे त्या दिवशी किती आनंदात होती, ते आम्ही पाहिले आहे. बुटाचा निषेध आपण सगळ्यांनी केला. मग आडनाव पाहून न्यायाधीश 'मॅनेज' ठरवणारा आपला मेसेज कोणत्या रांगेत बसतो?

सुरुवातीला सांगितलेल्या खटल्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १४-अ प्रमाणे अपिलाची मुदत ९० दिवस असते. त्यातले पहिले दीड महिना आपण निषेधाच्या पत्रकांत घालवले. मग एका ज्येष्ठ वकिलांनी निकालपत्राच्या प्रमाणित प्रतीवर पेन्सिलने खुणा केल्या आणि अपील ८७ व्या दिवशी दाखल झाले. वस्तीबद्दलचा तो शेरा वगळावा, ही मागणी त्यात स्वतंत्र परिच्छेदात आहे. न्यायाधीशांविरुद्ध तक्रार केली नाही, कारण शपथपत्रावर लिहिता येईल असे आमच्याकडे काही नव्हते. प्रकरण अजून बोर्डावर आलेले नाही.